दुसऱ्याच्या आगटीवरचा हुरडा

संक्रांत जवळ आली की नांदेडहून नायगावकडं जाणाऱ्या रस्त्याच्या कडेनं हुरड्याच्या पाट्या उभ्या राहतात. 'गरम हुरडा', 'गुळभेंडीचा हुरडा', एका पाटीवर तर 'शुद्ध हुरडा' असंही लिहिलेलं. शुद्ध! म्हणजे बाकीच्यांचा काय बाटलेला? मी गाडी थांबवायला लावते, खाली उतरते, कणीस हातात घेऊन दाणा नखानं दाबते, चीक किती आहे ते बघते आणि मगच भाव विचारते. नवरा गाडीतूनच ओरडतो, "अगं, हुरडा घेऊन राहिलीस का सून बघायला आलीस?" बघितलेलं बरं असतं. माझा कशावरच चटकन विश्वास बसत नाही, आणि हुरड्यावर तर मुळीच बसत नाही.

ह्या वर्षी त्या पाट्या लागल्या त्याच आठवड्यात आमच्या कॉलेजातली एक मुलगी स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली. देगलूरची आहे, तिसऱ्या वर्षाला. घरी तेलुगू, बाहेर मराठी, आणि चिडली की दोन्ही. म्हणाली, "मॅडम, आम्ही एक माहितीपट दाखवून राहिलोत. निवडणुकीतला पैसा अन् लोकशाही, असा विषय हाय. तुम्ही राज्यशास्त्राच्या. शेवटची चर्चा तुम्हीच घ्या."

माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "प्रोजेक्टर कुणाचा?"

"क्लासवाल्या सरांनी दिला. फुकट."

"आणि चहा?"

"तो पण त्यांच्याकडूनच." मग जरा थांबून, "बॅनर पण."

मला हसू फुटलं. पोरीचा चेहरा पडला. "मॅडम, तुम्हाला कशातबी काहीतरी दिसतंच," ती म्हणाली. दिसतं बाई, काय करू! स्टाफरूममध्ये माझ्या माघारी मला फौजदारीण म्हणतात हे मला चांगलं ठाऊक आहे. कुणी पेढा पुढं केला की मी आधी विचारते, कशाचा? चर्चा घ्यायला मी हो म्हणाले खरी, पण तिथून डोकं जे लातूरला गेलं ते परत यायचं नाव घेईना.

भूकंपानंतरचे ते हिवाळे. जिथं गावंच्या गावं बसली होती तिथं पत्र्याची घरं उभी राहत होती, आणि शहरात, जिथं नुसत्या भिंतींना चिरा गेल्या होत्या, तिथं क्लासेस उभे राहत होते. एका गल्लीत चिरा बुजवायला सिमेंट कालवलेलं असायचं, शेजारच्या गल्लीत तसल्याच सिमेंटनं मजल्यावर मजला चढत असायचा. खाली क्लास, वर पोरांच्या खोल्या, गच्चीवर खानावळ. दिसेल त्या भिंतीवर पोरांचे फोटो आणि फोटोखाली त्यांचे गुण. सकाळी कोंबड्याआधी सायकलींच्या घंटा वाजायच्या. ओल्या सिमेंटचा, नव्या पत्र्याचा आणि खानावळीतल्या जळक्या फोडणीचा वास एकमेकांत मिसळून जो काही होत असे, तो माझ्यासाठी लातूरचा वास. तास चालू असताना बाहेरून एखादा ट्रक गेला आणि खिडकीची काच थरथरली की अख्खा वर्ग एकदम दाराकडं बघायचा. ट्रक लांब गेला की खडू पुन्हा फळ्यावर चालायला लागायचा.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. आमचं तोंड तर जमिनीनं पोळलं होतं. मग फुंकून प्यायला उरतंच काय?

संशयाची दुसरी शाळा मला तिथंच भेटली. मदतकार्याला कॉलेजच्या मुलांबरोबर मीही गेले होते, पत्र्याच्या वस्तीवर. लांबून लांबून गाड्या यायच्या. कपडे, डबे, ब्लँकेटं. एका बाईला एक पाहुणे ब्लँकेट देत होते आणि समोरच्या फोटोवाल्याचा फ्लॅश काही केल्या पेटत नव्हता. पाहुणे ब्लँकेट द्यायचे, फ्लॅश पेटायचा नाही, मग ती बाई बिचारी ते त्यांच्या हातात परत ठेवायची, पदर नीट करायची आणि पुन्हा घ्यायची. शेवटी म्हणाली, "बाबा, नीट काढा की एकदाच. माझा सैपाक व्हायचाय." देणारा हात दिसला की त्याचा दुसरा हात कुठं आहे ते बघायची खोड मला त्या दिवशी लागली ती लागलीच.

पण खरं सांगायचं तर ही खोड घरातूनच आलेली होती. माझे वडील शाळामास्तर. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. मूळचे मुखेडकडचे, नोकरीपायी लातूरला आलेले. घरची कोरडवाहू जमीन भावांकडं, त्यामुळं स्वतःची म्हणावी अशी आगटी त्यांना नव्हती. आगटी म्हणजे शेतात खड्डा करून त्यात गोवऱ्या पेटवतात ती. त्या निखाऱ्यांत ज्वारीची कोवळी कणसं खुपसायची, भाजली की तळहातावर चोळायची, फुंकर मारून कोंडा उडवायचा आणि हिरवे गरम दाणे शेंगदाण्याच्या चटणीबरोबर तोंडात टाकायचे. ह्या दिवसांत आमच्याकडं ज्याला शेत आहे तो हुरड्याला बोलावतो, आणि ज्याला नाही तो बोलावण्याची वाट बघतो. अण्णा वाट बघत नसत. त्यांचा नियम होता: दुसऱ्याच्या आगटीवरचा दाणा तोंडात घालायचा नाही.

लहानपणी मला ते फार कठोर वाटायचं. माझ्या मैत्रिणी बैलगाडीत बसून हुरड्याला जायच्या, बोरं खिशात भरून यायच्या, आणि आम्ही मात्र गंजगोलाईच्या बाजारातून कणसं विकत आणून अंगणात शेगडीवर भाजायचो. धुरानं शेजारी खोकायचे. मी म्हणायचे, "अण्णा, हात पोळतोय." ते म्हणायचे, "आपला हाय. पोळू दे."

मोठी झाले तेव्हा त्या नियमाचं मर्म कळलं. हुरड्याला बोलावणारा कधी काही मागत नाही. कामाचं चुकूनही बोलत नाही. तो स्वतः उकिडवा बसतो, स्वतःच्या हातानं कणीस चोळतो आणि तुमच्या तळहातावर दाणे ओततो. हात पुढं केला नाही तर त्याचा अपमान, आणि केला तर पुढं रस्त्यात भेटल्यावर तो एवढंच विचारणार, "काय गुरुजी, गोड होता ना?" बस्स. मग त्याच्या पोराचे गुण असोत, मेव्हण्याची बदली असो की मत असो, तुमची तुम्हालाच लाज वाटायला लागते. खाल्ल्या मिठाला जागणारी माणसं आम्ही, आणि हुरड्यात तर मीठही नसतं. अण्णा म्हणायचे, "दिवाळीचा डबा परत करता येतो बाई. पोटात गेलेला हुरडा कसा परत करणार?"

तर तो हिवाळा. मी लातूरच्याच एका कॉलेजात तासिकेवर शिकवत होते. म्हणजे तास घेतला तर पगार, सुट्टी लागली तर घरी बसा. संस्थेच्या अध्यक्षांना सगळे नुसतं साहेब म्हणायचे. साहेबांच्या शाळा होत्या, कॉलेजं होती, त्यांच्या मेव्हण्याचा शहरातला सगळ्यात मोठा क्लास होता, आणि त्या वर्षी साहेब स्वतः निवडणुकीला उभे होते. नेमकी तेव्हाच आमच्या विभागात एक कायम जागा निघाली. माझ्यापेक्षा जास्त शिकलेले लोक मुलाखतीला आले होते, आणि माझ्यापेक्षा जास्त ओळखीवाले तर सगळेच होते. मुलाखत झाली आणि पुढं सगळं चिडीचूप.

त्या वाट बघण्यात माझं जेवण सुटलं. त्या दिवसांचं आठवतं ते असं तुकड्या-तुकड्यानं. दाराशी सायकल थांबली की मी पळत दारात. प्रचाराच्या जीपवरचा भोंगा गल्लीच्या तोंडाशी अडकून बसलेला. आई रोज ताट वाढायची आणि रोज झाकून ठेवायची. एका संध्याकाळी अण्णा बाहेरून आले, त्यांच्या दस्तीत, म्हणजे हातरुमालात, हुरडा बांधलेला. गार होऊन चामट झाला होता, पण गाठ सोडली आणि काय झालं कुणास ठाऊक, मी उभ्या उभ्या खात सुटले. इतका गोड हुरडा मी आयुष्यात खाल्लेला नाही. आई देवाला हात जोडून म्हणाली, "पोरीनं अन्नाला तोंड लावलं बाई एकदाचं." बाहेर भोंग्यावर साहेबांचं नाव चाललं होतं, आणि आमच्या माजघरात कितीतरी दिवसांनी कुणीतरी हसलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ऑर्डर आली. कायम नोकरीची. आईनं ती देवापुढं ठेवली. अण्णांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली, घडी घातली आणि म्हणाले, "तुझं तू मिळवलंस." एवढंच. अण्णा कुणाचं कौतुक करत नसत. त्यामुळं ते वाक्य मी जपून ठेवलं. वर्गात पाय ठेवताना, पोरांनी अवघड प्रश्न विचारला तर, कुणी टोचून बोललं तर, मी ते मनातल्या मनात म्हणून घ्यायची. माझं मी मिळवलंय. त्या वाक्यावर मी उभी होते हो. नुसती नोकरीवर नव्हे.

पुढच्या वर्षी पुन्हा हुरड्याचे दिवस आले, आणि आमच्या इंग्रजीच्या बिराजदार सरांनी कॉलेजात चित्रपट मंडळ काढलं. माणूस उत्साही. कशानंही हरखून जाणारा. पहिलाच कार्यक्रम म्हणजे एक माहितीपट, निवडणुकीतल्या पैशावरचा. रेवती नावाची पुण्याची एक मुलगी आदल्या वर्षी निवडणुकीच्या दिवसांत कॅमेरा घेऊन आमच्या जिल्ह्यात फिरली होती, तिनं केलेला. "आपला जिल्हा पडद्यावर येणार बाई!" बिराजदार सर म्हणाले. मी विचारलं, टीव्ही आणि व्हीसीआर कुणी दिला? तर साहेबांच्या मेव्हण्याच्या क्लासनं.

"बघा की," सर म्हणाले, "माहितीपट असल्या लोकांच्या विरोधात, आणि टीव्ही त्यांनीच दिला. ह्याला म्हणतात मोठं मन."

"ह्याला पाणी मुरणं म्हणतात सर," मी म्हटलं.

"तुम्हाला तर गंगेतही गटार दिसेल," असं म्हणून ते तणतणत निघून गेले. रागावले तरी मला त्यांचं वाईट वाटलं नाही, कारण माझा अंदाज होता की मेव्हण्यानं तो माहितीपट आधीच बघून घेतला असणार आणि त्यात त्याला भिण्यासारखं काही सापडलं नसणार. तसंच निघालं.

दुपारची वेळ होती. अंधार करायला सभागृहाच्या खिडक्यांवर ब्लँकेटं टांगली होती, भूकंपातली उरलेली. त्यांना डांबरगोळ्यांचा वास येत होता. मुली डावीकडं, मुलं उजवीकडं, आणि पुढं दोन टीव्ही. राज्यशास्त्राची म्हणून त्या दिवसाच्या कार्यक्रमाची अध्यक्ष मी, त्यामुळं पहिल्या रांगेत रेवतीशेजारी. माहितीपट सुरू झाला. तोंड झाकलेला एक माणूस सांगत होता की पाकिटं कशी येतात. एका गुत्त्याच्या मागच्या बाजूला बाटल्यांचा ढीग दाखवला. एक म्हातारा म्हणाला, देतात तर घ्यायचं, मत आपल्या मनाचं. पोरं चूप बसून बघत होती. लातूरची पोरं ती, दोघा-तिघांनी वह्या काढल्या होत्या. मागून एकानं हळूच विचारलंसुद्धा, "सर, हे परीक्षेला येणार हाय का?"

मग मधेच बासरी वाजायला लागली. पडद्यावर शेत. कलतं ऊन, ज्वारीची ताटं, धुराची रेघ, पोत्यांवर बसलेली माणसं. निवेदन करणारा आवाज मऊ झाला आणि म्हणाला की ह्या सगळ्या बाजारातही इथल्या मातीनं आपलं आतिथ्य जपलंय, इथं अजून पैशाचा हात पोचलेला नाही.

सभागृहात असा हशा उसळला की ब्लँकेटं हलली असतील. शेत साहेबांचं होतं! निवडणुकीच्या ऐन धामधुमीतली साहेबांची आगटी ती, आणि पोत्यांवर कोण बसलंय ते पोरं नावानिशी ओळखत होती. "अरे तलाठी बघ, तलाठी!" "आमचे हेडमास्तर!" "डॉक्टर पण हायेत की!" पैशाचा माग काढत काढत ती पोरगी नेमकी त्याच जागी येऊन पोचली होती, आणि तिथं तिनं कॅमेरा लावून बासरी वाजवली होती. पाकिटं शोधायला आलेल्या माणसाला हुरडा हा हुरडाच दिसणार. त्यात तिचा दोष नाही. मीही हसत होते. खदाखदा हसत होते.

आणि मग अण्णा दिसले.

पांढरी टोपी, आईनं विणलेला तपकिरी स्वेटर. हात पुढं केलेला. समोर साहेब उकिडवे बसून त्यांच्या तळहातावर दाणे ओतत होते, हसून काहीतरी म्हणत होते. अण्णांची मूठ मिटली. हात वर गेला, हनुवटीपर्यंत. आणि तिथं ते दृश्य कापलेलं होतं. पुढं सूर्य बुडताना, पाखरं, बासरी.

माझं हसू ओठावरच वाळलं. माझ्या मुलाखतीचाच हिवाळा तो. स्वेटर त्याच हिवाळ्यातला, आईनं दिवाळीनंतर विणून पुरा केलेला. दुसऱ्याच्या आगटीवर कधी न जाणारा माझा बाप साहेबांच्या आगटीवर बसला होता, आणि मला ऑर्डर आली होती. अजून काय सांगायला पाहिजे? 'तुझं तू मिळवलंस' हे वाक्य माझ्या पायाखालून सरकलं. भूकंपात जे झालं नव्हतं ते मला त्या खुर्चीवर बसल्या बसल्या झालं.

दिवे लागल्यावर रेवतीनं मोकळेपणानं विचारलं, "तुम्ही सगळे तिथं का हसलात? मला खरंच समजून घ्यायचंय." बिराजदार सर स्वतःच्या चपलांकडं बघत होते. एक पोरगी पुटपुटली, "झाकली मूठ सव्वा लाखाची," आणि तिच्या शेजारणीनं तिला चिमटा काढला. मग रेवती माझ्याकडं वळली. मी म्हणाले, "आमच्याकडं हुरडा बघितला की माणूस खूश होतो." टाळ्या पडल्या. रेवतीनं समजल्यासारखी मान हलवली आणि संध्याकाळच्या गाडीनं पुण्याला गेली. आमच्याकडं येऊन गेलेल्या पुष्कळ कॅमेऱ्यांसारखीच.

दुसऱ्या दिवशी मी ती कॅसेट मागून घेतली आणि रिकाम्या खोलीत एकटीच लावून बसले. मूठ मिटते, हात वर जातो, हनुवटीपाशी येतो, संपलं. मागं घ्यायची, पुन्हा लावायची. मधेच थांबवली की पडदा थरथरायचा, चित्रावर आडव्या रेघा यायच्या, आणि त्या रेघांमागं अण्णांचं तोंड उघडं आहे की मिटलेलं ते कळायचंच नाही. दाणे तोंडात गेले का? म्हणाल, त्यानं काय फरक पडतो, गेले तर गेलेच ना आगटीवर! पण नियम दाणा तोंडात न घालण्याचा होता. अण्णांनी तो पाळला असेल तर ते तिथं नुसते बसून आलेत, आणि मी माझ्या पायांवर उभी आहे. मोडला असेल तर ही नोकरी म्हणजे त्या घासाची परतफेड आहे. माझं सगळं त्या कातरलेल्या जागेत अडकून बसलं.

विचारलं का नाही? विचारून काय होणार होतं! नाही म्हणाले असते तर मी विश्वास ठेवला नसता, आणि हो म्हणाले असते तर नोकरी सोडावी लागली असती. कायम नोकरी कुणी सोडतं का आमच्याकडं? म्हणून मी तोंड मिटून बसले, आणि जेवताना अण्णांच्या तोंडाकडं बघत राहिले. ते घास घ्यायचे आणि माझ्या डोळ्यांपुढं ती मूठ यायची. आईला वाटायचं, पोरगी बापाच्या तब्येतीला जपून राहिली.

मग लग्न होऊन नांदेडला आले. संस्थेचं इथंही कॉलेज, तिथं बदली मिळाली. साहेब गेले, त्यांचा मुलगा साहेब झाला. लातूरचे क्लासेस नांदेडला आले, मग रस्ताच क्लासवाल्यांचा झाला. आणि मी अण्णांचा नियम अण्णांपेक्षा कडक पाळायला लागले. कुणाच्या आगटीवर पाऊल ठेवलं नाही. दिवाळीचा डबा दारातून परत. क्लासवाल्यांचं कॅलेंडरसुद्धा घरात लावलं नाही, तारखा मोबाईल नव्हता तेव्हा शेजारणीला विचारल्या. विभागातल्या एका मैत्रिणीनं अगदी जिवाभावानं शेतावर नेलं, तर मी लिंबाखाली बसून घरून नेलेली भाकरी खाल्ली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "मी काय मागणार होते गं तुझ्याकडं?" तिचं खरं होतं. पण मला आतून बरं वाटायचं. आणि त्या बऱ्या वाटण्याच्या तळाशी, कुणाला न सांगण्यासारखं, एक होतं: अण्णा, तुम्ही घसरलात. मी नाही घसरले.

परवा ह्या वर्षीचा तो माहितीपटाचा कार्यक्रम झाला. आता सगळं झकपक. वरून उडत घेतलेली शेतं, रंगीत आलेख, भारदस्त आवाज. क्लासवाल्या सरांचा बॅनर पडद्यापेक्षा मोठा. अर्धी पोरं हातातल्या मोबाईलमध्ये. संपल्यावर ती देगलूरची पोरगी उठली. "मॅडम, तुमच्या वेळी पैसे वाटायचे का?"

काय झालं कुणास ठाऊक. बाहेर हुरड्याचे दिवस होते म्हणून असेल, की निवृत्ती जवळ आली म्हणून. मी म्हटलं, "पैशाची गरज पडायची नाही." आणि सगळं सांगून टाकलं. आगटी, बासरी, मूठ, हनुवटी. मास्तरांचं नाव नाही घेतलं, पण माझा आवाज फुटला आणि पोरांना कळायचं ते कळलं. मोबाईल खाली गेले.

"मग त्यांनी खाल्ला का न्हाई?" तिनं विचारलं.

"माहीत नाही."

"विचारलं न्हाई तुम्ही?" तिला खरंच नवल वाटलं. "हयात हायेत का ते?"

"आहेत. माझ्याच घरी आहेत."

"मग?"

अख्खं सभागृह माझ्याकडं बघत होतं. दुसऱ्याच्या प्रोजेक्टरचा माग काढणाऱ्या बाईनं घरातल्या माणसाला एक प्रश्न विचारला नव्हता. मी म्हटलं, चर्चा संपली.

घरी येताना नायगाव रस्त्यावरून कणसं घेतली. अण्णा आई गेल्यापासून आमच्याकडंच असतात. दात गेलेत, ऐकायला कमी येतं, पण गच्चीत उन्हाला बसून पेपर अजून शेवटच्या पानापर्यंत वाचतात. मी गच्चीतच शेगडी पेटवली. कणीस चोळलं, फुंकर मारली, आणि दाणे तळहातावर घेऊन त्यांच्यापुढं बसले. साहेब बसले होते तशी, उकिडवी.

"अण्णा, माझ्या मुलाखतीच्या वर्षी तुम्ही साहेबांच्या हुरड्याला गेला होतात."

ते दचकले नाहीत. "गेल्तो की. जीप दारात आली. तुझी मुलाखत झाल्याली. न्हाई कसं म्हणू?"

"मग खाल्लात का?"

"म्या?" अण्णांचा आवाज एकदम वर्गातला झाला. "दुसऱ्याच्या आगटीवरचा दाणा म्या जन्मात तोंडात घातला न्हाई! समोर बसल्याले, म्हणून हात नेला तोंडापर्यंत. साहेब तिकडं वळले की दस्तीत. पुन्हा दिला, पुन्हा दस्तीत. कुणाला कळलंबी न्हाई."

माझ्या छातीवरचं ओझं असं उतरलं म्हणून सांगू! इतक्या वर्षांत रडले नव्हते तेवढं रडू आलं. माझा बाप घसरला नव्हता. त्या कातरलेल्या जागेत काहीच घडलं नव्हतं. मी पदरानं डोळे पुसत, उगंच काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "मग वाटेत टाकून दिलात?"

"टाकून?" अण्णा माझ्याकडं बघतच राहिले. "अन्न हाय ते. टाकून कसं द्यायचं? घरी आणला. तूच तर खाल्लास समदा. जेवत नव्हतीस किती दिवस. तुझी आई गरम करते म्हणली, तर तेवढाबी दम न्हाई तुला. वर गूळ मागितलास."

शेगडीतले निखारे तडतडत होते. कातरलेलं ते दृश्य माझ्याच तोंडात येऊन संपलं होतं, आणि त्याची चव मला अजून आठवत होती. माझा पुढं केलेला हात तसाच राहिला.

अण्णांनी तळहातावरच्या दाण्यांकडं जरा वेळ बघितलं. मग माझ्याकडं.

"हा इकतचा हाय ना?" त्यांनी विचारलं.

"विकतचाच आहे, अण्णा."

"मग दे," ते म्हणाले आणि त्यांनी तोंड उघडलं.